राजीनामा दिला, आता मालक अडवून राहिला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या शहरातल्या कंपनीत माणूस ईमेलवर राजीनामा टाकतो, महिन्याभरात हिशेब होतो आणि दोघं एकमेकांना विसरतात. आपल्या तालुक्याच्या गावात तसं होत नाही. इथे मालक म्हणजे जिनिंगवाला शेठ, शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष, पतसंस्थेचा चेअरमन नाहीतर कृषी केंद्रवाला. तोच आपल्या बापाला खताची उधारी देतो, बहिणीच्या लग्नात पहिल्या रांगेत बसतो आणि ठाणेदाराला नावाने ओळखतो. त्याच्या हातात ओळख असते. आपल्या हातात कागद असला तरच काही चालतं, आणि तो कागद तोंड उघडण्याआधी तयार करायचा असतो. यवतमाळ, वर्धा, वाशीम, चंद्रपूरकडच्या लोकांचे अर्ज लिहून देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

एक खुलासा आधीच. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत, म्हणून खाली वेतन संहिता, सामाजिक सुरक्षा संहिता अशी नावं दिसतील. वकिलांच्या तोंडी अजून जुनी नावं आहेत, त्याने गोंधळू नका.

मालक म्हणतो, "मी राजीनामा मंजूर केला नाही." मग मला सोडता येणार नाही का?

येतं. मनाविरुद्ध कोणालाही कामावर ठेवता येत नाही. सक्तीच्या मजुरीला राज्यघटनेच्या कलम २३ नेच बंदी आहे. वैयक्तिक सेवेचा करार कोर्टही जबरदस्तीने पाळायला लावत नाही. फार तर मालक नोटिशीच्या काळाचे पैसे मागू शकतो, तेही नेमणूकपत्रात तशी अट असेल तर. चौकशी सुरू असलेल्या सरकारी किंवा अनुदानित कर्मचाऱ्याचं थोडं वेगळं असतं, पण जिनिंगमधल्या कारकुनाला हे "मंजूर नाही" फक्त घाबरवायला सांगितलेलं असतं.

ते कागद हातातच घेत नाहीत. काय करू?

राजीनामा दोन प्रतींत लिहा. दोन्हीवर सही आणि तारीख. शक्य तर पेनाने, स्वतःच्या अक्षरात. एक प्रत ऑफिसात द्या आणि दुसरीवर पोच मागा: आवक क्रमांक, तारीख, घेणाऱ्याची सही, शिक्का. आवक-जावक रजिस्टर सांभाळणारा बाबू बहुतेक ओळखीचाच असतो. तो म्हणेल, "ठेवून जा, साहेब आले की देतो." ठेवून येऊ नका. पोच नसलेला कागद त्या टेबलावरून संध्याकाळपर्यंत गायब होतो आणि पंधरा दिवसांनी तुम्ही "न सांगता गैरहजर" ठरता.

पोच मिळाली नाही तर त्याच दिवशी पोस्टात जा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिळवून टाकलं आहे, म्हणून खिडकीवर "रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्ट" मागा. पाकिटावर संस्थेचं पूर्ण नाव आणि अध्यक्ष किंवा व्यवस्थापक असा हुद्दा लिहा. पावती मिळाली की लगेच तिचा फोटो काढा, कारण त्या पातळ कागदावरची शाई उन्हाळा संपेपर्यंत उडून जाते. ट्रॅकिंगमध्ये "वितरित" दिसलं की त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. "घेण्यास नकार" असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकीट तसंच जपून ठेवा, पुढे तोच पुरावा होतो.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला राजीनामा अगदीच निरुपयोगी नसतो, पण एवढ्यावर भरवसा ठेवू नका.

मी खाजगी शाळेत शिक्षक आहे. नेमणुकीच्या वेळीच संस्थेने कोऱ्या राजीनाम्यावर सही घेतली. आता काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तरही सगळ्यात लांब आहे. गावोगावच्या संस्थांच्या कपाटात अशा तारीख नसलेल्या कागदांची फाईल असते. शिक्षकाने पगारातला हिस्सा द्यायला नकार दिला, किंवा अध्यक्षाच्या भाच्यासाठी जागा हवी झाली, की फाईल बाहेर येते, तारीख पडते आणि मास्तरांनी "स्वखुशीने" राजीनामा दिलेला असतो.

असं होणार हे ओळखूनच कायदा केला आहे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ च्या कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हीवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. पद्धत मुद्दाम अशी ठेवली आहे की राजीनामा पोस्टातून गेला नसेल तर तो खरंच शिक्षकाने दिला का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. संस्थेकडे टपालाचा पुरावा नाही, तारखेची शाई वेगळी, अक्षर वेगळं आणि त्या तारखेला तुम्ही वर्गात हजर असल्याची मस्टरवर सही, एवढं असलं तर ती फाईल फार टिकत नाही.

तेव्हा दोन कामं करा. अजून नोकरीत असाल तर आजच एक पत्र स्पीड पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवा आणि त्याची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या: "नेमणुकीच्या वेळी माझ्याकडून तारीख नसलेल्या कागदावर सही घेतली आहे, तो माझा राजीनामा नाही." हे लिहायला धीर लागतो, हे मान्य. पण आधी लिहिलेल्या पत्राचं वजन नंतरच्या तक्रारीला येत नाही. काढून टाकलंच असेल तर शाळा न्यायाधिकरणात कलम ९ खाली अपील करा. मुदत ३० दिवसांची आहे. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून माफी मिळू शकते, पण "अध्यक्ष परत घेतो म्हणाले होते" हे कारण ऐकून न्यायाधीशांचेही कान किटले असतील. न्यायाधिकरणं नागपूर, अमरावती अशा ठिकाणी आहेत.

स्वतःहून सोडायची असेल तर याच कायद्याखालच्या १९८१ च्या नियमावलीतला नियम ४० पाहा. कायम कर्मचाऱ्याला तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस, कायम नसलेल्याला एक महिन्याची. तेवढ्या काळाचा पगार भरून लगेचही निघता येतं.

शाळा सोडून इतर ठिकाणी नोटीस किती द्यायची?

नेमणूकपत्रात असेल तेवढी. नेमणूकपत्रच दिलं नसेल तर तोंडी "तीन महिने" म्हणणाऱ्या मालकाने ते दाखवावं कुठून? नव्या संहितेत प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक केलं आहे. काहीच लिहिलेलं नसेल तर एक महिन्याची नोटीस द्या; ती रीतही आहे आणि तुमची बाजूही साफ राहते.

शेवटचे दोन महिन्यांचे पगार अडवले. "हिशेब दिवाळीनंतर" म्हणतात.

दिवाळीपर्यंत थांबायचं काही कारण नाही. वेतन संहिता, २०१९ च्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचं राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. आधीच्या कायद्यात ही दोन दिवसांची अट मालकाने काढून टाकलेल्यांसाठी होती. आता स्वतःहून सोडणाराही त्यात आला, हे अजून बऱ्याच मालकांना माहीतच नाही. सुरुवातीला त्यांना एवढंच पत्राने कळवा. काही जण तेवढ्यावर देऊन टाकतात.

नाही दिलं तर जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी अर्ज करा. दाव्याची मुदत तीन वर्षं आहे. दावा खरा ठरला तर रकमेव्यतिरिक्त तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. प्रत्यक्षात दहापट क्वचितच मिळत असेल, पण अर्जात मागायला हरकत नाही. आणखी एक, जे बहुतेक लोक विसरतात: पगार दिला आहे हे सिद्ध करायची जबाबदारी कलम ५९ ने मालकावर टाकली आहे. "रोख दिले होते" म्हणणाऱ्याने सहीचा कागद दाखवावा.

अर्जासोबत काय लावायचं? बँकेचं पासबुक (आधीचे पगार कधी आणि किती जमा झाले ते दिसतं), ओळखपत्र, हजेरीचे फोटो, कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मालकाचे निरोप. रोखीने पगार घेणाऱ्यांनी नोकरीत असतानाच महिन्याची रक्कम कुठेतरी लिहून ठेवायची सवय लावावी. डायरीही चालते.

बाबांची कृषी केंद्रात उधारी होती. शेठने ती माझ्या पगारातून कापली. काहून कापली म्हटलं तर म्हणे, घर एकच आहे.

घर एक असलं तरी खातं एक नाही. वेतनातून कोणत्या कपाती करता येतात याची यादी संहितेच्या कलम १८ मध्ये आहे. त्यात नोकराच्या बापाची बियाण्याची उधारी नाही. सगळ्या कायदेशीर कपाती मिळूनही त्या महिन्याच्या वेतनाच्या ५० टक्क्यांपुढे जाता येत नाही. शेठला उधारी वसूल करायची असेल तर त्याने ज्याला माल दिला त्याच्याकडे मागावी.

कायदा एवढा स्पष्ट आहे. अडचण पुढच्या हंगामाची असते, पोराने अर्ज केला तर जूनमध्ये बापाला खत कोण देणार? म्हणून अशा घरांनी आधी उधारीचा लेखी हिशेब मागून घ्यावा, पावत्यांसकट. दोन्ही खाती कागदावर वेगळी दिसली की बोलणं सोपं जातं. बरेचदा उधारीचा आकडाही खाली येतो.

पतसंस्थेत होतो. राजीनामा देताच कॅश कमी आहे म्हणून माझ्या नावावर रक्कम टाकली.

सोडून जाणाऱ्याच्या माथी तूट मारणं हा जुना खेळ आहे. शेवटच्या दिवशी निघण्याआधी चार्ज लेखी द्या: तिजोरीतली रोकड नोटांच्या प्रकाराप्रमाणे, किल्ल्या, पावती पुस्तकं (कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत, कोरी किती), दैनिक ठेवीचं मशीन, शिक्के. घेणाऱ्याची सही घ्या. कोणी घ्यायला तयारच नसेल तर दोन सहकाऱ्यांसमोर मोजा, त्यांच्या सह्या घ्या आणि टेबलावर मांडलेल्या नोटांचा फोटो काढून चेअरमनला पाठवा.

तुमच्या ताब्यात दिलेल्या पैशाची तूट तुमच्याच निष्काळजीपणामुळे झाली असेल तरच ती पगारातून कापता येते, आणि त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नोटीस आली तर गप्प बसू नका. लेखी उत्तर द्या, आणि त्या दिवसाचं कॅशबुक व ऑडिटचा शेरा यांच्या प्रती मागा.

नेमणुकीच्या वेळी कोरा चेक घेतला होता. आता तो बँकेत टाकण्याची धमकी देतात.

मायक्रोफायनान्सच्या वसुलीवर फिरणाऱ्या पोरांचं हे दुखणं आहे. चेक "सुरक्षेसाठी" दिला होता आणि काही देणं नाही, तो परत करा, असं पत्र आजच मालकाला पाठवा. नुसतं बँकेत पेमेंट थांबवून सुटका होत नाही, चेक न वटल्याची केस तरीही होऊ शकते. पण त्या कलम १३८ च्या केसमध्ये कायद्याने वसूल होणारं देणं असावं लागतं, आणि ते नव्हतं हे दाखवायला तुमचं जुनं पत्र कामी येतं. चेक परत गेल्यावर नोटीस आली तर पैसे देण्यासाठी १५ दिवस असतात. त्या दिवसांत वकिलाकडून उत्तर गेलंच पाहिजे. नोटीस घ्यायचीच नाही, पोस्टमनला "घरी नाही" सांगायचं, ही युक्ती उलटते.

मूळ गुणपत्रिका, टीसी, जात वैधता प्रमाणपत्र ठेवून घेतलं आहे.

आधी लेखी मागणी करा, त्यात कागदांची यादी आणि ते कधी दिले ती तारीख लिहा. मग पोलिसांत तक्रार द्या. ठाणेदार म्हणेल, "हे सिव्हिल मॅटर आहे." तसं म्हटलं तर तक्रार पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तशी सोय कायद्यात आहे. विश्वासाने दिलेली वस्तू परत न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये गुन्हा ठरू शकतो, आणि अनेकदा एवढा उल्लेख पाहूनच लिफाफा घरपोच येतो.

नवी नोकरी यासाठी अडवू नका. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळतात. दुय्यम प्रतींसाठी राज्य मंडळाची विभागीय कार्यालयं नागपूर आणि अमरावतीला आहेत. पदवीच्या दुय्यम प्रतीसाठी आपापलं विद्यापीठ, म्हणजे नागपूर, अमरावती किंवा गडचिरोलीचं गोंडवाना.

दोन वर्षांचा बाँड लिहून दिला होता. पैसे भरावेच लागतील?

सरसकट नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात दोन लाखांचा बाँड योग्य ठरवला, त्याचा दाखला हल्ली मालक देतात. पण ती सरकारी बँक होती, भरतीची जाहीर आणि खर्चिक प्रक्रिया होती. दुकानातल्या बिलिंगच्या पोराला कसलं प्रशिक्षण दिलं, त्यावर किती खर्च झाला, हे मालकाला दाखवावं लागेल. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते आणि मिळते ती वाजवी भरपाई. "सोडल्यावर याच धंद्यात दुसरीकडे जायचं नाही" ही अट मात्र कलम २७ ने रद्दबातल आहे.

स्वतः सोडली तर ग्रॅच्युइटी जाते म्हणतात.

खोटं. पाच वर्षं सलग सेवा झाली असेल तर राजीनाम्यावरही मिळते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू. हिशेब असा: शेवटचं मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. वेतन १३,००० आणि सेवा ८ वर्षं ७ महिने असेल तर सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ९ वर्षं. रक्कम ६७,५०० रुपये. मालकाने ती ३० दिवसांत द्यायची असते. मुदतीच्या करारावर असलेल्यांना सामाजिक सुरक्षा संहितेत एक वर्षानंतरही त्या प्रमाणात मिळते.

विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकांनाही ती लागू आहे. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना ३ एप्रिल १९९७ पासून त्यात आणलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. संस्थाचालक हे स्वतःहून सांगत नाहीत.

पीएफ कापला पण भरलाच नाही. आणि सोडल्याची तारीखही टाकत नाहीत.

यूएएनने (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) पासबुक उघडा आणि कोणत्या महिन्यापासून भरणा बंद आहे ते पाहा. पगारातून कापून न भरलेला हिस्सा म्हणजे मालकाने केलेला फौजदारी विश्वासघात धरला जातो. ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर पावत्यांसह तक्रार टाका. इकडची विभागीय कार्यालयं नागपूर आणि अकोल्याला आहेत, पण दर महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" म्हणून जिल्ह्यातही शिबिर भरतं. सोडल्याची तारीख शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःलाच पोर्टलवर टाकता येते, मालकाच्या पाया पडायची गरज नाही. नवी नोकरी असेल तर रक्कम काढू नका, वर्ग करा. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा जोडून धरतात.

मी राजीनामा दिलाच नव्हता, खोलीत बसवून लिहून घेतला.

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, "तो दबावाखाली घेतला, मी कामावर हजर राहायला तयार आहे" असं पत्र पाठवा आणि प्रत कामगार कार्यालयाला द्या. महिनाभर गप्प राहिलात तर कोर्ट पहिलाच प्रश्न विचारेल की इतके दिवस काय करत होतात. गरोदरपणामुळे काढलं जात असेल तर तेही पत्रात स्पष्ट लिहा. मागचं कारण छळ असेल तर लैंगिक छळाच्या तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

दिलेला राजीनामा मागे घेता येतो का?

पुढच्या तारखेपासून दिला असेल तर ती तारीख येण्याआधी घेता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच हे सांगितलं आहे. पत्र मात्र पोचेसह द्या.

सालदार आहे, वर्षाच्या बोलीवर शेतात राबतो. पाडव्याला उचल (आगाऊ पैसे) घेतली होती. मधेच सोडलं तर मालक जाऊ देत नाही.

उचल घेतली म्हणून माणूस गहाण पडत नाही. उचलीच्या बदल्यात दुसरीकडे कामाला जायची मोकळीकच काढून घेतली असेल तर ती वेठबिगारी. १९७६ च्या कायद्याने ती बंद झाली आणि तसलं कर्ज फेडायची जबाबदारीही संपली. तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे. साधी उचल असेल, कोणी अडवत नसेल, तर किती महिने काम केलं त्याप्रमाणे हिशेब बसवून उरलेली रक्कम फेडावी. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि गावात त्यांची मुद्दाम सरमिसळ केली जाते.

सरपंच आणि तंटामुक्ती समिती बसून मिटवू म्हणतात. बसू का?

बसा. लवकर मिटतं. पण समितीला तुमचा पगार ठरवायचा अधिकार नाही. दोघांनी मान्य केलं तरच तडजोड. रक्कम किती आणि कोणत्या तारखेला, हे लिहून घ्या, आणि पैसे खात्यात मागा. "सर्व रक्कम मिळाली, काही तक्रार नाही" अशा छापील कागदावर पैसे हातात पडण्याआधी सही करू नका. अर्धेच देत असतील आणि गरज असेल तर घ्या, पण सहीवर "इतकेच मिळाले, उरलेला हक्क राखून" असं स्वतःच्या अक्षरात लिहा.

वकील परवडत नाही.

तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोन करायचा तर १५१००.

अनुभव प्रमाणपत्र देत नाहीत, आणि नव्या मालकाने विचारलं तर "तो चोर आहे" सांगतात.

प्रमाणपत्राऐवजी पीएफ पासबुक, नेमणूकपत्र, पगाराच्या नोंदी आणि राजीनाम्याची पोच हे चार कागद एकत्र करून द्या. नव्या जागी मुलाखतीतच सांगून टाका की तिथे पगाराचा वाद चालू आहे, अर्जाची प्रत ही. आधीच कळलं तर नवा मालक जुन्याच्या फोनवर लगेच विश्वास ठेवत नाही. चोरीचा आरोप लोकांसमोर करत असतील तर ऐकणाऱ्याचं नाव, दिवस आणि नेमके शब्द लिहून ठेवा. अब्रुनुकसानीची नोटीस पाठवायची वेळ आली तर वकील आधी हेच तीन तपशील विचारतो.